काटा बसवायचे शनिवार

शनिवार, ९ फेब्रुवारी

नेव्हिल आला! जुन्या गाड्यांच्या क्लबात मी नुसतं बोलून गेले होते – गेल्या उन्हाळ्यात वेल्सच्या चढांवर माझ्या हिरवीचं, म्हणजे माझ्या गाडीचं, इंजिन-ऑइल तापून पाण्यासारखं झालं, आता ते किती तापलंय हे दाखवणारा मीटर बसवावा म्हणते. बाकीचे सल्ला देऊन मोकळे झाले. हा हत्यारांची पेटी घेऊन दारात हजर.

"माझा विरोध आहे," हे पहिलं वाक्य. "गाडी कारखान्यातून आली तशीच राहायला हवी."

त्याची राखाडी गाडी म्हणजे हिरवीची जुळी बहीण. तिच्यातला स्क्रूसुद्धा १९६७ सालचा! डॅशबोर्डला भोक पाडणारे लोक त्याच्या लेखी खाटीक.

"मग आलात कशाला?"

"तुम्ही चुकीचं बसवाल म्हणून."

दिवसभर गाडीखाली होता. मी पाने देत होते. बायको, शीला, गेल्यापासून त्याला शनिवार खायला उठतो, असं क्लबातले म्हणतात. माझं लग्नच झालं नाही, त्यामुळे मला तर सवय असायला हवी. नाही झाली.

गुरुवार, १४ फेब्रुवारी

पार्सल आलं. ऑइल चेंबरच्या बुचाच्या जागी बसवायचा जोड आहे. जुन्या बुचाशी ताडून पाहिला – आटे वेगळे! हा काही बसायचा नाही. नेव्हिलला फोन करायला हवा.

केला नाही.

शनिवार, १६ फेब्रुवारी

त्याने दोनदा फिरवून पाहिला. "अहो डॉक्टरीणबाई, हे मिलिमीटरवाले आटे. आपल्या गाड्या इंचातल्या!"

"अगंबाई!" मी म्हणाले. काय सोंग वठवलं! आता नवा जोड मागवायचा. म्हणजे पुढच्या शनिवारी पुन्हा. गेल्यावर त्याचा चहाचा कप बराच वेळ विसळला नाही.

रविवार, १७ फेब्रुवारी

पॉलीनचा फोन. थोरली बहीण म्हणजे टोमणे आलेच. "अगं, काटा बसवतेस की चर्च बांधतेस? सरळ जेवायला बोलाव ना त्याला!"

बोलायला काय जातं हिचं. जेवायला बोलावलं तर तो 'नाही' म्हणू शकतो. मीटर बसेपर्यंत बोलवावं लागत नाही, तो येतोच. बासष्टाव्या वर्षी माणसाची अशी वाट पाहणं – लाज वाटते. पण पाहते. मंगळवारपासूनच पाहायला लागते.

शनिवार, २३ फेब्रुवारी

जोड बसला. मीटरपासून चेंबरपर्यंत केसासारखी तांब्याची नळी जाते, ती हातभर जास्तीची निघाली. मी पकड घेऊन पुढे, तोडायला!

नेव्हिल किंचाळलाच. "तोडू नका! आत द्रव भरलेलाय. तोडली की मीटर मेला!"

उरलेल्या नळीचं वेटोळं करून डॅशबोर्डच्या मागे टांगायचं असतं म्हणे. त्याने ते माझ्याकडून करून घेतलं. माझी बोटं धरून, हळूहळू वळवत. 'नळीला मोड पडता कामा नये,' एवढंच म्हणाला. वेटोळं झाल्यावरही मी बोटं तशीच ठेवली.

शनिवार, ९ मार्च

आज डॅशबोर्डला भोक. नेव्हिलने पेन्सिलीने गोल आखून दिला, तीन वेळा मोजला, मग म्हणाला, "तुम्ही पाडा. मी बाहेर थांबतो."

थांबला की खरंच! बागेत, पाठ करून. मी पस्तीस वर्षं लोकांच्या दाढा कोरल्या, मला कसली भीती? सुबक भोक. मीटर असा बसला की जणू तिथलाच.

बाहेर जाऊन म्हणाले, "रुग्ण ठीक आहे."

हसला! दात चांगले आहेत त्याचे.

पण काम संपलं. उरली फक्त एक फेरी, काटा नीट चढतो का बघायला.

सोमवार, ११ मार्च

फेरी लगेच नाही! हिवाळ्यात रस्त्यांवर टाकलेलं मीठ चांगल्या पावसाने धुऊन गेल्याशिवाय क्लबातलं कुणी जुनी गाडी बाहेर काढत नाही. पत्रा गंजतो. म्हणजे पाऊस पडेपर्यंत त्याचं येणं बाकी आहे. आयुष्यात पहिल्यांदा इंग्लंडात कोरड्या हवेसाठी देवाला साकडं घातलं.

गुरुवार, १४ मार्च

धो धो. मेला पाऊस.

शनिवार, १६ मार्च

माल्व्हर्नच्या टेकड्यांवर जाऊन आलो. छत उघडं टाकून मी चालवत होते, तो शेजारी, डोळे काट्यावर. "तेल तापू द्या आधी. घाई नको." मला कुठे होती घाई! चढ संपला तरी काटा नव्वदवर स्थिर. खाली शेतं, टोपी उडू नये म्हणून त्याने धरलेली, आणि मला वाटलं, अशीच चालवत समुद्रापर्यंत जावं.

घरी आल्यावर त्याने पेटी आवरली. हात पुसला, माझ्याशी हस्तांदोलन केलं. हस्तांदोलन! "छान झालं काम, डॉक्टरीणबाई." लिंबाचा केक केला होता. तो आहे म्हणून सांगायचं धाडससुद्धा झालं नाही.

शनिवार, २३ मार्च

नऊ वाजता उगीच गॅरेजचं दार उघडून ठेवलं. अकराला लावलं.

शनिवार, ३० मार्च

पॉलीन म्हणते, फोन कर. काय सांगू? मीटर उत्तम चाललाय म्हणून?

शनिवार, ६ एप्रिल

सकाळी फाटकाशी नेव्हिल. राखाडी गाडी घेऊन. मान खाली. "मीपण मीटर आणलाय, हिलरी. नळी ओवायला दुसरं माणूस लागतं."

आत डोकावले. डॅशबोर्डला भोक घरूनच पाडून आला होता. तीन तीनदा मोजणारा माणूस – आणि केवढं वाकडं!