टाकीत म्हणायचा उतारा

तीर्थरूप आईस, दुरूनच पाया पडतो.

मी मजेत आहे. खोली हवेशीर आहे, जेवण वेळेवर मिळतं. तुझा गुडघा आता कसा आहे?

पोथीतला उतारा पाठ म्हटला की तीच प्रार्थना, असं तू सांगायचीस. इथे ती रोज होते. आम्ही तेलाच्या रिकाम्या टाक्या आतून धुतो. आत मी मोठ्याने उतारा म्हणतो. वर दोर धरणाऱ्या जोडीदारालाही तो शिकवलाय. मी चुकलो की गॅस चढला असं समजून तो मला ओढून काढतो. आधी मी पुटपुटायचो, तर ओरडला, "अरे, देवाला ऐकू जातं, मला नाही!"

मंगळवारी त्याने दोनदा ओढलं. मला वाटत होतं, मी बरोबरच म्हणतोय. मुकादम म्हणाला, "मोकळी हवा खा, उतरेल."

आज सुट्टी आहे. खिडकी उघडून बसलोय. तुझ्यासाठी तो उतारा लिहायला घेतला, पण दोन ओळींच्या पुढे आठवेना. सकाळपासून आठवून बघतोय.

काळजी करू नकोस. जोडीदाराला सांगितलंय, उद्यापासून पहिल्या दोनच ओळी म्हणणार. त्याला वाटलं, मी कंटाळलो. हसला.

तुझा धाकटा