रिकाम्या पट्ट्यावरचा चौकोन

३ नोव्हेंबर २००४, शिरोली
आज रुजू झाले! गडहिंग्लजहून निघताना अव्वानं, आईनं, बांधून दिलेल्या शेंगापोळ्या फौंड्रीतल्या सगळ्यांनी मिळून संपवल्या. मालक आप्पासोंनी एक जुना यंत्रहात घेतलाय. त्याला कॅमेरा जोडून सरकत्या पट्ट्यावरचे तापलेले लोखंडी भाग ओळखायला नि उचलायला शिकवायचं, हे माझं काम. कॅमेऱ्याला वस्तू दिसली की पडद्यावर तिच्याभोवती हिरवा चौकोन येतो. हात तिकडं जातो. इथले जुने कामगार पिराजीमामा आजवर हेच सांडशीनं करायचे. आता माझ्या पाठीला सुट्टी, म्हणाले.

११ नोव्हेंबर
हात आधी वस्तूजवळ जाऊन थरथरायचा. वेग उतरवला, पकड जमली. आप्पासोंनी मिसळ मागवली.

१५ नोव्हेंबर
पट्टा रिकामा, तरी चौकोन उमटला. पत्र्याच्या फटीतलं ऊन असेल म्हणून फट बुजवली. चौकोन तिथंच. हात गेला, बोटं मिटू लागली, पण पुरती मिटली नाहीत. मधे काही असल्यागत अडली. कॅमेरा फसू शकतो. पण मोटर? तिच्यावर खराच भार येत होता. हातानं ते उचललं, ट्रेमध्ये ठेवलं. पिराजीमामा हळूच म्हणाले, "मॅडम, हात रिकामा न्हाय त्येचा."

१७ नोव्हेंबर
पिराजीमामांनी मोकळा ट्रे चाचपला आणि झटकन हात मागं घेतला. गार लागलं म्हणाले. भट्टीशेजारी, गार! दुपारी चौकोन पट्ट्यावर नव्हता. पिराजीमामांच्या छातीवर होता. ते सरकले, तोही सरकला. यंत्रहात वळायला लागला तशी मी वीज तोडली.

१८ नोव्हेंबर
पिराजीमामा आले नाहीत. त्यांच्या बायकोचा, शालूबाईंचा फोन आला. छाती कुणी आवळल्यागत होतंय, डॉक्टरला काही सापडत नाही. आप्पासोंना म्हटलं, हात बंदच ठेवू. ते म्हणाले, ऑर्डर अडलीय, कॅमेरा बदला. बदलला. चौकोन तरी —

१९ नोव्हेंबर
पिराजीमामा गेले.
आप्पासोंनी स्वतः यंत्रहाताची वायर कापली.

२० नोव्हेंबर
सामान आवरायला आले. कॅमेरा नि पडदा वेगळ्या लाइनवर, चालूच राहिलेत. चौकोन आहे. माझ्या खुर्चीवर — नाही, माझ्यावर. आप्पासो दारात. त्यांनीही पाहिलं. म्हणाले, "रक्षिता, पोरी, ऊठ तिथनं. सावकाश."
उठले. चौकोनही —
आता भिंतीशी. वही हातात. लिहीत राहतेय, काय होतंय त्याची नोंद राहावी.
यंत्रहात हलत नाहीये. बघतेय, वायर तुटलेली, हात जागच्या जागी. मग हे छातीवर गार काय