ऑर्गनवर कोन हाय?

मंगळवार, नागभीड

ऑनलाइन ज्ञानकोशात हिरामणभाऊंवर लिहिलेलं माझं पान आज उडवलं. कारण दिलंय, "व्यक्ती उल्लेखनीय नाही." उल्लेखनीय म्हणे. आमच्या झाडीपट्टीत लोक नाटकाचं तिकीट घ्यायच्या आधी विचारतात, "ऑर्गनवर कोन हाय?" हिरामण म्हटलं की मंडप भरतो. पुरावा म्हणून मी नाटकांची पत्रकं जोडली होती. ती चालत नाहीत, पेपरातला लेख पाहिजे. पेपरवाले मुंबईहून आलेल्या हिरोचा फोटो छापतात, त्यात भाऊंचं अर्धं कोपर. मी तरी कशाला गेलो त्या शहाण्यांच्या दारात?

संध्याकाळी भाऊंना सांगितलं. ऑर्गनच्या पट्ट्या पुसता पुसता ते म्हणाले, "कोनं उडवलं? नाव काय त्याचं?"

घरी येऊन पाहिलं. नाव नाहीच. एक टोपणनाव आणि त्यापुढे तीन आकडे.

उल्लेखनीय माणूस.