चार बॅगांचा फायदा

४ ऑक्टोबर
आजपासून नियमित लिहिणार. कारण विमान कंपनीचं गोल्ड कार्ड आलं. विमानात पाऊल न ठेवता गोल्ड झालेला अम्मानमध्ये बहुधा मी पहिलाच. अकरा वर्षं पेट्रोल, किराणा, मेहुण्याचा फ्रीज, मेहुण्याच्या मुलीच्या लग्नातलं जेवण, सगळं माझ्या कार्डावर. रोख त्यांच्याकडून घेतली, खर्चावर मिळणारे विमानाचे मैल माझे. याला डोकं लागतं.

बायको, इत्तिदाल, म्हणाली, मग आता लेकीकडे जाऊ. सिवार, आमची एकुलती एक, मॉन्ट्रियलला. नोव्हेंबरच्या शेवटी बाळंत होणार. पहिलंच. म्हटलं, घाई नको. योजनेचा अभ्यास करतो.

७ ऑक्टोबर
फायदे: लाउंज. वेगळी रांग. विमानात सगळ्यांच्या आधी प्रवेश.
तोटे: सगळ्यांच्या आधी प्रवेश म्हणजे आत सगळ्यांपेक्षा जास्त वेळ बसणं. हे कोणी सांगत नाही.
तळहातांना घाम. कॉफीत वेलची जास्त पडली असावी.

१३ ऑक्टोबर
सिवारचा फोन. जावयाला रात्रपाळी, तिला एकटीला भीती वाटते. म्हणाली, "बाबा, तुम्ही आलात की मला कसलीच भीती नाही." लगेच हो म्हणालो. फोन ठेवला आणि मॉन्ट्रियलला बोटीनं जाता येतं का ते शोधलं.
मैल ३१ डिसेंबरला बाद होतात, म्हणून हो म्हणालो. व्यवहार आहे.

१४ ऑक्टोबर
मेहुणा फव्वाज आला. बातमी ऐकून हसत सुटला. म्हणे, सिवारचे बाबा, तुम्ही मक्केला उमऱ्याच्या यात्रेलासुद्धा बसनं गेलात, सव्वीस तास. म्हटलं, कष्टात पुण्य असतं.
"मग मॉन्ट्रियलला पोहत जा," म्हणाला. "थेट स्वर्ग."
बहिणीच्या घरी येऊन फुकट खायचं आणि वर हे.

२ नोव्हेंबर
दोन तिकिटं काढली. १२ तारीख. फुकटच्या तिकिटावर सामान नेता येत नाही, पण गोल्डवाल्याला चार बॅगा! म्हणून सगळं माझ्या नावावर टाकायचं, इत्तिदालकडे फक्त पर्स. कल्पना माझी. नव्या हंगामाच्या ऑलिव्ह तेलाचे डबे, झातर मसाला, तेलातली भरली वांगी, बाळाचे विणलेले कपडे, इत्तिदालचा जाड कोट. शेजारणीनेही तिकडच्या भाचीसाठी लोणचं आणून दिलं. द्या म्हटलं. अभ्यासाचं फळ.

१० नोव्हेंबर
फव्वाज म्हणतो, विमान मोटारीपेक्षा सुरक्षित. असेल. पण मोटार थांबवून उतरता येतं.
ताप तीनदा पाहिला. नाही. रक्तदाब उत्तम. शरीरानेही दगा दिला.

१२ नोव्हेंबर, सकाळी ९
लाउंज. हमुस चांगला. काचेतून विमानं दिसतात, म्हणून काचेकडे पाठ करून बसलोय. डोळ्यांवर उजेड येतो.

सकाळी ११.१५
लाउंजमध्ये नाही. बाहेरच्या बाकावर.
गोल्डवाल्यांना आधी बोलावलं. इत्तिदालला म्हटलं, तू हो पुढे. एका म्हातारीला पुढे जाऊ दिलं. मग एका कुटुंबाला. मग एका धडधाकट तरुणाला. सौजन्य म्हणून. शेवटी विमानाच्या दारापर्यंत गेलो. दार आणि त्याला जोडलेला पूल यात बोटभर फट होती, तिच्यातून खालचं डांबर दिसलं. दारातली मुलगी म्हणाली, "काका, येताय ना?" पाणी पिऊन येतो म्हटलं.
मग त्यांनी दार लावलं.
इत्तिदालने आतून फोन केला. ओरडली नाही. "बसा घरी," एवढंच.
नंतर कळलं, प्रवासी चढला नाही तर त्याचं सामानही जात नाही. विमान पन्नास मिनिटं थांबवून चारही बॅगा शोधून काढल्या. मैल गेले ते गेलेच. हा तोटा माहितीपत्रकात मला कुठे दिसला नाही.

१३ नोव्हेंबर
मॉन्ट्रियलला उणे नऊ. इत्तिदाल पर्स घेऊन उतरली. आईला आपला कोट द्यायला सिवार स्वतःच विमानतळावर धावली, नववा महिना असून. तिथेच कळा सुरू झाल्या. फोनवर इत्तिदालचा आवाज कापत होता. नंतर फोन लागेना. चाळीसदा लावला. या भीतीपुढे विमानाची भीती काहीच नव्हती. दुवा मागत बसलोय. लेक तिथे आहे आणि मी इथे, वांग्यांच्या बरण्यांजवळ.

१४ नोव्हेंबर
मुलगी झाली. दोघी सुखरूप. कपडे इथे, चौथ्या बॅगेत. तिकडे तिला दवाखान्याच्या टॉवेलात गुंडाळलंय.
सिवारने व्हिडिओ कॉल लावून फोन बाळासमोर धरला. "बाबा, बोला ना तिच्याशी."
मी हवेचा दाब, कानाचे पडदे, डॉक्टरांचा सल्ला असं काहीबाही सुरू केलं. पुढे जमेना.
"आजोबा घाबरले गं," म्हटलं. "चढलेच नाहीत."
बाळाने जांभई दिली आणि ते झोपलं.