बाबांची जोडाक्षरं

इंझोरी, ९ जानेवारी २०२५

चि. हर्षल,

ताईचे अनेक आशीर्वाद. पत्र पाहून हसशील. पण फोनवर बोललं की बाबा पलंगावरून ऐकतात, अन् व्हॉट्सअॅपवर तू अंगठा पाठवून मोकळा होतोस.

बाबाले लकवा मारल्यापासून वाचा नाही. पाणी म्हणता येत नाही, भाकर म्हणता येत नाही. काल मात्र ताट दिसताच स्पष्ट म्हणाले, क्षुधा. मी घाबरलीच. मग आठवलं, कारंज्याला वांगी विकून येताना ते एसटीत पेपरातलं शब्दकोडं सोडवायचे, अन् घरी आले की आपल्याले जोडाक्षरानं सुरू होणारे शब्द विचारायचे. साधे शब्द गेले, कोड्यातले राह्यले. डॉक्टर म्हणाले, तोच धागा धरा.

मले ते शब्द येत नाहीत रे. पाणी, ताप, दुखणं, यांच्यासाठी काही पाठव. अन् जमलं तर तूही ये. माझ्या रुचिकाची दहावी आहे. पोरगी मालेगावात बापाच्या हातचा कच्चा भात खाऊन अभ्यास करून राह्यली.

तुझी,
सुचिता

पुणे, १६ जानेवारी

ती. ताई,

शि. सा. न. अंगठ्याचा टोमणा पोचला. पाण्यासाठी तृष्णा, तापासाठी ज्वर, दुखण्यासाठी क्लेश. थकवा आला तर ग्लानी. हा त्यांचा लाडका. मला 'ग्ल'चा शब्द कधी सुचला नाही म्हणून चिडवायचे.

सुटी मार्चनंतरच मिळेल. तुझ्या भावजयीची, मंजूची नोकरीही नवी आहे. मदतीला एखादी बाई ठेव. तू तिथे आहेस म्हणून मला घोर नाही.

असाच लोभ असू दे.
हर्षल

इंझोरी, २७ जानेवारी

चि. हर्षल,

आशीर्वाद. शब्द लागू पडले. पहिलं अक्षर मी म्हणते, पुढचं बाबा ओढून आणतात. शेजारच्या गोमतीबाईनं विचारलं, तुमचे बाबा पोथीसारखं काहून बोलून राह्यले. लय दिवसांनी हसली मी.

परवा बाबाले उठवून बसवताना माझी पाठ धरली. तिथंच खाली बसली, उठवेना. बाबा ग्ल, ग्ल करू लागले. मले वाटलं, दमले. निजवू गेली तर त्यांनी डावा हात कसाबसा उचलला, माझ्याकडे बोट केलं अन् म्हणाले, ग्लानी. मग रडले.

मी आहे म्हणून तुले घोर नाही, असं लिहिलंस. रागावून लिहीत नाही. रागावायलेही बळ नाही. ये.

सुचिता

इंझोरी, ९ फेब्रुवारी

ती. ताई,

शि. सा. न. तू मालेगावला गेल्यावर बाबांनी माझी भाकर दोनदा थुंकली. आता खातात. मला बिनपगारी रजा मिळाली. मंजू चिडली होती, पण शनिवारी येते म्हणाली. माझी कंबर गेली आहे. तू हे एकटीनं कसं केलंस, हे विचारायचीही लाज वाटते.

संध्याकाळ झाली की बाबा दाराकडे पाहून ज्ये, ज्ये करायचे. खोकला होता, म्हणून मी ज्येष्ठमध आणलं. त्यांनी हात झटकला. काल रात्री शब्द पुरा आला : ज्येष्ठा. थोरली लेक.

मी सांगितलं, ताई तिच्या घरी आहे, झोपली असेल. त्यांनी डावा हात उचलला. मग ओठांवर बोट ठेवलं, आणि मला हळू बोलायची खूण केली.

रुचिकाला आशीर्वाद. परीक्षा होईपर्यंत इकडे येऊ नकोस.

तुझा,
हर्षल