दुसरी रिंग

प्रिय वायसर,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. फोन न करता पत्र लिहिलंस तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. सवयीप्रमाणे उघडायच्या आधी मी पाकीट उजेडाकडे धरून पाहिलं, तर आई म्हणाली, "लेकीचं पत्र आहे, बनावट नोट नाही." आत तू एवढंच विचारलंयस, की मोटरसायकलचा कंपनीचा ऑइल फिल्टर आणि बाजारातला दुसऱ्या मेकचा यांत फरक काय, आणि कंपनीच्या खोक्यात घालून विकलेला नकली माल ओळखायचा कसा. अगदी खाली पेन्सिलीनं लिहिलंयस, की नवऱ्याच्या दुकानातला माल नकली निघाला तर तू त्या घरात राहणार नाहीस, बॅग भरून इकडे येशील. बाकी पत्र पेनानं आणि तेवढीच ओळ पेन्सिलीनं का, यावर मी पूर्ण एक दिवस घालवला. खोडायची सोय ठेवली असशील तर बरंच आहे.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण ते सोपं आहे. इंजिनातलं तेल ज्यातून गाळून पुढे जातं तो मुठीएवढा डबा तू लहानपणापासून पाहिलायस. त्याच्या तीन जाती. एक कंपनीचा. दुसरा बाजारातला, जो दुसऱ्याच मेकचा असतो पण स्वतःच्या नावानं उजळ माथ्यानं विकला जातो. तिसरा नकली, जो कंपनीचं नाव लावून फिरतो. नकलीची छपाई बोटानं घासली की पुसट होते. डबा हातात हलका लागतो. तोंडावरच्या खाचेत बसवलेली रबरी रिंग नखानं दाबली तर खूण तशीच राहते, अस्सल रबर लगेच उसळून येतं. आणि खात्री करायचीच असेल तर डबा करवतीनं कापायचा, आतला घडीचा कागद पसरायचा आणि घड्या मोजायच्या. हे तुला मी नव्यानं काय सांगू? नऊ वर्षांची असताना तू गॅरेजच्या पायरीवर बसून, दहाही बोटांत नट-बोल्टचे वायसर घालून (त्यावरूनच तुझं हे नाव पडलं), काळ्याकुट्ट कागदाच्या घड्या मोजायचीस आणि मधेच चुकलीस की पहिल्यापासून सुरू करायचीस. कागदावर धातूची चमक दिसली की इंजिन आतून झिजतंय, हे तू माझ्या तोंडून ऐकून शाळेतल्या बाईंनाही सांगून आली होतीस.

तुझा नवरा पहिल्यांदा गॅरेजात आला तो दिवस आठवतो का? दुसऱ्या मेकचा फिल्टर नमुना म्हणून घेऊन आला होता. इस्त्रीचा शर्ट, बगलेत पुठ्ठ्याचं खोकं. मी त्याच्या समोरच नमुना शिकंज्यात धरला आणि कापला. तो काही दचकला नाही, उलट त्यानं करवत धरायला हात पुढे केला. कंपनीच्या कागदाला बावन्न घड्या, याच्या कागदाला चोपन्न. दोन घड्या जास्त! एखाद्याला आनंद झाला असता. माझा संशय दुप्पट झाला, की इतकं चांगलं कोण कशाला देईल? नमुना मुद्दाम निवडून आणला असणार. म्हणून मी त्याला सांगितलं, पुढच्या आठवड्यात खोक्यातला मला हवा तो काढीन. तो पुढच्या आठवड्यात आला, त्याच्या पुढच्याही आला. सात डबे कापले मी त्याचे. तो कशासाठी येत होता हे आईला तिसऱ्याच डब्याला कळलं होतं, मला मात्र तुम्ही दोघांनी येऊन सांगेपर्यंत पत्ता नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

लग्नानंतर मी त्याचे फिल्टर वापरायला लागलो खरा, पण मनापासून नाही. जावयाचा माल म्हणून वापरायचो आणि जावयाचा माल म्हणूनच घाबरायचो. नात्यात वाकडं बोलता येत नाही, त्यामुळे प्रत्येक डबा मी बसवायच्या आधी डोळ्यांत तेल घालून बघायचो. वजन करायचो, आत टॉर्च मारायचो, रिंग दाबायचो, खोक्यावरचे आकडे डब्यावरच्या आकड्यांशी ताडून बघायचो. आई म्हणायची, "एवढं तर तुम्ही मला बघायला आलात तेव्हाही बघितलं नव्हतंत." कंपनीचा फिल्टर मात्र मी खोक्यातून काढून सरळ बसवून टाकायचो.

मग आठ महिन्यांपूर्वी नर्सबाईंचा अपघात झाला. त्या मोटरसायकलवरून घरोघर पेशंट बघत फिरतात, दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर. त्यांच्या गाडीचं तेल आणि फिल्टर मी बदललं, आणि चौथ्या दिवशी तुमच्या चौकाच्या वळणावर फिल्टरच्या तोंडातून सगळं तेल बाहेर आलं. मागचं चाक तेलावरून घसरलं, बाई पडल्या, उजवं मनगट मोडलं, आणि इंजिन जाम झालं. तुझा नवरा पळत सगळ्यांच्या आधी पोचला. मी पोचलो तेव्हा त्यानं फिल्टर काढूनही ठेवला होता. मी मागितला तर म्हणाला, "राहू द्या बाबा, मी बघतो." का राहू द्या? कापायचा होता मला तो! सात डबे कापताना ज्यानं करवत धरली, तो आठव्याला नाही म्हणतो? वर पंचवीस माणसांसमोर म्हणाला, "माल माझा होता. जबाबदारी माझी." बोलताना त्यानं एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. चोराच्या मनात चांदणं, असं मी तिथेच ठरवून टाकलं.

पुढचं तुला माहीत आहे. त्यानं बाईंचं जाम झालेलं इंजिन स्वतःच्या हातानं दुरुस्त करून दिलं, आणि मी पेंटरकडून लाल अक्षरात पाटी करून घेतली, की चौकातल्या दुकानाचा फिल्टर या गॅरेजात बसवला जाणार नाही. जावयाच्या दुकानाविरुद्ध सासऱ्याची पाटी! लोक ती वाचायला गाड्या थांबवायचे. बाकीच्या गॅरेजवाल्यांनीही त्याच्याकडून माल घेणं बंद केलं, कारण घरचाच माणूस सांगतोय म्हणजे खरंच असणार. तेवढ्यावर मी थांबलो असतो तर एक वेळ ठीक होतं. पण मी तुला फोनवर सांगितलं, की लक्ष ठेव. गप्प बसणारा माणूस काहीतरी लपवत असतो, असंही मीच म्हणालो. आता तू लिहितेस, की तो आंघोळीला गेला की तू खाली दुकानात जाऊन खोकी उघडतेस, रिंगा नखानं दाबतेस. त्याला विचारलंस की तो उत्तर देत नाही, जेवण अर्धं टाकून उठतो. एकाच ताटात जेवणारी तुम्ही दोघं आता वेगवेगळ्या वेळी जेवता. ही ओळ मी आईला वाचून दाखवली नाही. चष्मा पुसायचं निमित्त करून पुढचं पान उलटलं.

आता या आठवड्यातली बातमी. बुधवारी, म्हणजे तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, नर्सबाई गॅरेजात आल्या. मनगट जुळायला वेळ लागला म्हणून त्या इतके महिने बहिणीकडे होत्या. तेल बदलायचं होतं. मी फिल्टर काढत होतो आणि त्या शेजारी उभ्या राहून बघत होत्या. सहज म्हणाल्या, "याला एकच रिंग असते होय? त्या दिवशी जावयांनी काढला तेव्हा दोन निघाल्या होत्या. एक त्यांनी खिशात घातली. मी रस्त्याकडेला बसून बघत होते. मला वाटलं, दोनच असतात."

मी पाना खाली ठेवला. तुला यातलं कळतं, तरी लिहितो. जुना फिल्टर काढताना कधी कधी त्याची रिंग डब्याबरोबर न येता इंजिनालाच चिकटून राहते. काळ्यावर काळं, दिसत नाही. बोट फिरवून बघायचं असतं. ती न काढता वर नवा डबा बसवला तर दोन रिंगा एकमेकींवर बसतात. दोन-चार दिवस निभावतं, आणि मग एक दिवस वरची सरकते आणि सगळं तेल बाहेर. यात फिल्टर कंपनीचा असला काय आणि बाजारातला असला काय, चूक बसवणाऱ्याची. आणि बसवणारा कोण होता?

पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. पहिला विचार माझ्या मनात आला तो हा, की त्यानंच बाईंना पढवून पाठवलंय. मी त्यांना तीन वेळा फिरवून फिरवून विचारलं, तारीख विचारली, कुठल्या खिशात घातली तेही विचारलं. बाई वैतागल्या. म्हणाल्या, "अहो, मी पेशंटलासुद्धा इतके प्रश्न विचारत नाही." त्या गेल्या आणि मी मागच्या खोलीत जाऊन क्रेट उपसायला बसलो. तुला माहीत आहे, काढलेला प्रत्येक जुना फिल्टर मी गाडीच्या नंबरची चिठ्ठी तारेनं बांधून वर्षभर ठेवतो. पुढेमागे कुणी भांडायला आलं तर पुरावा असावा म्हणून. बाईंच्या गाडीचा जुना डबा तिसऱ्या क्रेटमध्ये सापडला, माझ्याच अक्षरातल्या चिठ्ठीसकट. मी तो तेव्हाच कापून ठेवला होता, कागद पसरून घड्यांमधलं सगळं बघितलं होतं. तोंडावरच्या खाचेकडे तेवढं बघितलं नव्हतं. खाच रिकामी होती. रिंग नव्हती तिथे. आठ महिने पुरावा माझ्याच क्रेटमध्ये पडून होता आणि मी दुसऱ्याच्या दुकानावर पाटी लावून बसलो होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

तो दिवस मी परत परत आठवून पाहिला. नवा डबा त्याच्या दुकानचा होता, म्हणून मी त्याचं वजन केलं, टॉर्च मारला, आकडे ताडले, रिंग दाबली. पाऊण तास त्या एका डब्याकडे संशयानं बघत होतो. तेवढ्यात इंजिनावर एक बोट फिरवायचं राहून गेलं. कंपनीचा डबा असता तर राहिलं नसतं, कारण तेव्हा माझं लक्ष कामावर असायचं. वायसर, मला लाज वाटते. एका बाईचं मनगट माझ्या हातून मोडलं आणि शिक्षा मी दुसऱ्याला दिली. बाईंच्या घरी मी काल जाऊन आलो, सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, गाडी तुमच्याकडेच आणीन, पण आता बोट मी फिरवून बघणार. बरोबरच आहे त्यांचं.

आता हे पत्र कशासाठी, ते लिहितो. तुझा नवरा काहीतरी लपवतो हा तुझा संशय खरा आहे. तो माझी चूक लपवतोय. रस्त्यावर दोन रिंगा त्याच्या तळहातावर आल्या तेव्हाच त्याला सगळं कळलं, आणि एक खिशात घालून त्यानं माझा चाळीस वर्षांचा हात वाचवला. एक शब्द बोलला असता तर त्याचं दुकान वाचलं असतं, पण त्यानं तुलाही सांगितलं नाही, कारण तुझा बाप तुझ्या नजरेतून उतरला असता. त्यापेक्षा स्वतः उतरला. पत्राबरोबर तो जुना डबा पाठवतोय. कापायचं काही नाही, मी कापलेलाच आहे. वरच्या रिकाम्या खाचेतून बोट फिरव आणि मग त्याला दाखव. पाटी मी सकाळी उतरवली. त्याच फळीवर पेंटरकडून नवीन लिहून घेतोय, की नर्सबाईंच्या गाडीत फिल्टरचा दोष नव्हता, रिंग काढायला मी विसरलो, आणि खाली गॅरेजचं नाव. ती फळी घेऊन रविवारी मी आणि आई येतोय. त्याच्या दुकानाबाहेर ती मीच ठोकणार आहे, त्यानं नको म्हटलं तरी. आईला सगळं सांगितलंय. ती कालपासून माझ्याशी बोलत नाही, तूही बोलू नकोस हवं तर. पण बॅग भरली असशील तर आजच रिकामी कर, आणि रविवारपर्यंत थांबू नकोस. आज त्याच्याबरोबर जेवायला बस.

तुझाच,
बाबा