शून्य नंबरची खुंटी

ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार (मनातल्या मनात, कंबर धरली आहे). तुझा गुडघा कसा आहे? उत्तर थोडक्यात दे, मागच्या वेळी गुडघ्यावर चार पानं लिहिलीस. "पोर तिकडे राहून मला विसरली, शिक्षण पुरे, रविवारी घ्यायला येते," असं कळवलंस. ये. खुशाल घेऊन जा. तिनं माझ्या लॉन्ड्रीचं काय केलं ते वाचलंस, तर रविवारची वाटही बघणार नाहीस.

माझ्या भिंतीवर बारा खुंट्या, प्रत्येक गिऱ्हाइकाची ठरलेली. वीस वर्षं सगळं डोक्यात होतं, हल्ली डोकं दगा देतं (तुझं लहानपणापासून देतं, तुला कळत नाही). तर तुझी लेक म्हणाली, मावशी, मी कॉम्प्युटरवर बसवून देते. तिनं दारापासून ओळीनं बाराही नावं लिहिली. असल्या ओळीला टपल म्हणतात म्हणे. एकदा लिहिली की आतलं नाव कुणाला हलवता येत नाही, भिंतीत ठोकलेल्या खुंटीसारखं. आपण नाव टाकायचं, ते जागा सांगणार. यात चुकण्यासारखं काय आहे, सांग?

सकाळी दातांचे डॉक्टर आले. यंत्र म्हणालं चार. मी दारापासून चार मोजल्या, चौथीवरचे कपडे कागदात गुंडाळून दिले. दुपारी डॉक्टर हजर, हातात बँडवाल्याचा लाल कोट, सोनेरी झालरीचा. त्यांच्यामागे बँडवाला, हातात पोहण्याच्या मास्तरांच्या चड्ड्या. तेवढ्यात वकील आले. यंत्र म्हणालं शून्य. मी म्हटलं, "वकीलसाहेब, तुमचं इथे काही नाही." ते अर्धा तास भांडले, आणि त्यांचा काळा कोट त्यांच्याच नाकासमोर, दाराजवळच्या पहिल्या खुंटीवर!

पोरीला फैलावर घेतलं, तर ती हसून हसून इस्त्रीच्या टेबलाखाली. "अगं मावशी, ते शून्यापासून मोजतं. पहिली जागा शून्य."

"थोरल्या लेकराला कुणी शून्यावं म्हणतं का गं?"

"सांगायचं राहिलं." राहिलं म्हणे! आता मी खुंट्यांखाली खडूनं आकडे घातलेत, शून्यापासून. वकील अजून रुसलेले आहेत.

पोरीची बॅग भरायला घेते. गुडघ्याला जप.

तुझी वैतागलेली,
धाकटी

ता. क. बॅग भरलेली नाही. तिचं अजून एकच वर्ष राहिलंय.

आणखी एक ता. क. तिनं सरावासाठी स्वतःच्या माणसांचं टपल केलंय. मी गुपचूप 'मावशी' टाकलं. उत्तर आलं, एक. दोन दिवस गल्लीभर मिरवले, पोरीच्या लेखी मावशी पहिली! तिसऱ्या दिवशी वकिलांना कोट काढून देताना टाळकं ठिकाणावर आलं. घरी जाऊन 'आई' टाकलं. शून्य. ती ओळ कुणाला हलवता येत नाही (मी खटपट करून पाहिली). तेव्हा वर्षभर राहू दे तिला माझ्याकडे. तुझी खुंटी कुठे जात नाही.